'काँ' नंतर पुन्हा पुन्हा पासे कोंपोझे? फ्रेंचचा फ्युतुर आँतेरिअर नेमका कुठे अडतो

फ्युतुर आँतेरिअर, म्हणजे 'संपवलेलं असेल' असं सांगणारा भविष्यकाळ. त्याचा तक्ता सगळ्यांना पाठ असतो. जोरे फिनी, त्यु ओरा फिनी, इल ओरा फिनी. झोपेतून उठवून विचारलं तरी मुलं धडाधड म्हणतात. कंसात क्रियापद दिलं आणि वर 'फ्युतुर आँतेरिअर वापरा' अशी सूचना असली की उत्तरंही बरोबर येतात. मग तीच मुलं पत्र लिहायला बसतात, आणि अख्ख्या पत्रात हा काळ एकदाही दिसत नाही. त्याच्या जागी पासे कोंपोझे, म्हणजे 'संपवलं' सांगणारा भूतकाळ, ऐसपैस बसलेला असतो. दुरुस्त करून द्या, समजलं म्हणतात, पुढच्या पत्रात पुन्हा तेच. अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेली जळगाव-भुसावळकडची मुलं असोत, नाहीतर नोकरी सांभाळून धुळ्याहून ऑनलाइन शिकणारी देल्फ बी-वन या फ्रेंच परीक्षेची तयारी करणारी मंडळी असोत, रोग एकच.

पुढे फ्रेंच वाक्यं देवनागरीत, कानाला ऐकू येतात तशी लिहिली आहेत. 'आँ', 'ओं', 'अँ' नाकातून म्हणायचे. स्पेलिंगनेच घोळ होतो तिथे अक्षरं वेगळी सांगितली आहेत.

चूक दिसते ती अशी:

काँ जे फिनी मेझेत्युद, जिरे आ पुणे.

'काँ' म्हणजे 'जेव्हा'. म्हणायचं आहे 'शिक्षण संपलं की मी पुण्याला जाईन'. हवं होतं 'काँ जोरे फिनी मेझेत्युद, जिरे आ पुणे'. फरक फक्त 'जे' आणि 'जोरे' एवढाच. 'जे' म्हणजे आव्वार या सहायक क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप, 'जोरे' म्हणजे त्याचंच भविष्यकाळी रूप. पुढचं 'फिनी' दोन्हीकडे तेच.

मूळ कुठे आहे

मराठीत आपण 'संपलं की जाईन' म्हणतो. 'संपेल की जाईन' म्हणत नाही. काम अजून व्हायचं आहे, वर्षभराने होणार आहे, तरी क्रियापद भूतकाळाच्या वेषात येतं: संपलं, झालं, पोचलो, आटोपलं. अहिराणीत 'व्हयनं' म्हटलं तरी ते झालेलंच वाटतं. मग 'संपलं' दिसलं की हात आपोआप 'जे फिनी' लिहून मोकळा होतो. त्यात शाळेतल्या इंग्रजीची भर. त्या भाषेतही अशा वाक्यात भविष्यकाळ येत नाही, पूर्ण वर्तमान येतो, आणि तो दिसायला हुबेहूब पासे कोंपोझेसारखा. दोन्ही ओळखीच्या भाषा एकाच चुकीच्या दाराकडे बोट दाखवतात. फ्रेंच मात्र 'काँ' नंतर हट्टाने सांगते की जे अजून घडलेलं नाही ते भविष्यातच लिहा.

म्हणून तक्ता आणखी शंभर वेळा लिहून काही होत नाही. तक्त्यात बिघाड नाहीच. पुष्कळ ठिकाणी दुसरा उपाय सांगतात: 'काँ' दिसलं की फ्युतुर आँतेरिअर. तो तर अधिक घातक, कारण त्याने बरोबर असलेली वाक्यंही बिघडतात.

उपाय हा: 'की'चं वाक्य आधी लिहूच नका. आधी मुख्य वाक्याचं क्रियापद बघा.

भुसावळला क्लास करून पॅसेंजरने घरी जाणाऱ्या मुलीची ही तीन वाक्यं घ्या.

रोज क्लास संपला की मी गाडी पकडते.
तेव्हा क्लास संपला की मी गाडी पकडायचे.
उद्या क्लास संपला की मी गाडी पकडेन.

तिन्हीकडे 'क्लास संपला की' जसंच्या तसं आहे. मराठीला त्यात काही बदलावंसं वाटत नाही, पुढचं 'पकडते-पकडायचे-पकडेन' सगळं सांगून टाकतं. आता हीच तीन वाक्यं फ्रेंचमध्ये:

काँ जे फिनी ल कूर, ज प्राँ ल त्रँ.
काँ जावे फिनी ल कूर, ज प्रने ल त्रँ.
काँ जोरे फिनी ल कूर, ज प्राँद्रे ल त्रँ.

जे, जावे, जोरे. मुख्य क्रियापद वर्तमानात तर सहायक वर्तमानात, आणि तो झाला पासे कोंपोझे. मुख्य क्रियापद अँपार्फेत, म्हणजे 'पकडायचे'सारख्या भूतकाळात, तर सहायक अँपार्फेत, तो प्लुस्कपार्फे. मुख्य क्रियापद भविष्यात तर सहायक भविष्यात, तो आपला फ्युतुर आँतेरिअर. तीन वेगळे काळ, तीन वेगळे धडे, तीन वेगळे तक्ते असं पुस्तकात दिसतं खरं. पण हातात काम एकच आहे. सहायक क्रियापदाला मुख्य क्रियापदाचा काळ लावायचा, 'फिनी'ला हात लावायचा नाही. हे एकदा बसलं की 'काँ जे फिनी' चुकीचं नाही हेही कळतं. ते रोजच्या सवयीच्या वाक्यात अगदी बरोबर आहे, उद्याच्या वाक्यात चूक आहे. 'पण मॅडम, पुस्तकात तर काँ जे फिनी दिलंय' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी त्या वाक्याचं दुसरं अर्धं वाचून बघावं.

मुख्य क्रियापद बघताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं, आज्ञा. 'पोचलीस की फोन कर' यात ईन-शील-ईल कुठेच नाही, म्हणून मुलांना भविष्य दिसत नाही. पण आज्ञा पुढच्या कामाचीच असते. तेव्हा 'काँ त्यु सरा आरिवे, आपेल म्वा' ('सरा' हे एत्र या दुसऱ्या सहायकाचं भविष्यकाळी रूप). दुसरं, आपली 'येतो'ची सवय. 'एवढं आटोपलं की निघतोच भाऊ' यात 'निघतो' दिसायला वर्तमान, पण माणूस अजून खुर्चीतून उठलेलाही नाही. 'दे क जोरे फिनी, ज पार'. इथे फ्रेंचमध्येही 'ज पार' वर्तमानात चालतं, तरी पहिल्या भागात 'जोरे'च लागतं, कारण अर्थ पुढचा आहे. रूप बघायचं नाही, घटना कधीची ते बघायचं.

लोर्स्क (जेव्हा), दे क आणि ओसितो क (होताच), युन फ्वा क (एकदा झालं की), आप्रे क (झाल्यानंतर) या सगळ्यांना हाच नियम. 'आप्रे क'बद्दल एवढंच की दोन्ही कामं एकाच माणसाची असतील तर फ्रेंच माणूस ते टाळतो आणि 'आप्रे आव्वार फिनी' म्हणून मोकळा होतो. तुम्हीही टाळा.

आणि दोन घटना एकाच वेळी घडणार असतील तर फ्युतुर आँतेरिअर नकोच, दोन्हीकडे फ्युतुर सँप्ल, म्हणजे साधा भविष्यकाळ. 'मे महिन्यात गावी असेन तेव्हा आंबे खाईन': 'काँ ज सरे ओ विलाज, ज माँजरे दे माँग'. इथे मराठीही बहुतेक वेळा इशारा देते. 'असेन तेव्हा', 'राहशील तेव्हा' अशी ईन-शीलवाली रूपं आली की फ्युतुर सँप्ल; 'झालं की', 'झाल्यावर', 'झालेलं' आलं की फ्युतुर आँतेरिअर. आरिवेसारख्या क्षणात संपणाऱ्या क्रियापदाला दोन्ही चालतात: 'काँ त्यु आरिवरा, आपेल म्वा' म्हटलं तर कुणी मार्क कापणार नाही.

'जोपर्यंत... तोपर्यंत' मात्र वेगळं लक्षात ठेवा, कारण तिथे मराठी वर्तमानात जाते. 'तू अभ्यास संपवत नाहीस तोपर्यंत बाहेर जायचं नाही' हे प्रत्येक घरातलं वाक्य फ्रेंचमध्ये 'ताँ क त्यु नोरा पा फिनी, त्यु न सोर्तिरा पा' होतं. 'न' आणि 'पा' सहायक क्रियापदाच्या दोन बाजूंना, आणि 'फिनी' 'पा'च्या नंतर. 'नोरा फिनी पा' असं लिहिलेलं फार दिसतं.

पाहुणा उपाशी

दुसरी चूक पहिलीपेक्षा कमी होते, पण झाली की अर्थच फिरतो. काळ बरोबर निवडतात आणि चुकीच्या अर्ध्या वाक्यात घालतात.

पत्रलेखनाचा नेहमीचा विषय: फ्रान्सहून येणाऱ्या पाहुण्याला घरी बोलवा. आपल्याकडे असं पत्र भरिताशिवाय कसं पुरं होणार. हिवाळा, शेत, आसोदा-बामणोदकडची लांब हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत कुटलेली, सोबत कळण्याची भाकरी. (बडगी आणि कळण्याला फ्रेंच शब्द शोधत बसू नका. तसंच लिहा आणि पुढे एका ओळीत समजावा. परीक्षकाला ते आवडतं.) आता मुलगा लिहितो:

काँ वू आरिवरे, नूझोरों माँजे.

व्याकरण निर्दोष. अर्थ: 'तुम्ही पोचाल तोवर आमचं जेवण झालेलं असेल.' खानदेशात पाहुण्याला असं पत्र गेलं तर सोयरीक मोडेल. त्याला म्हणायचं होतं 'तुम्ही पोचलात की आपण जेवू', म्हणजे:

काँ वू सरे आरिवे, नू माँजरों.

फ्युतुर आँतेरिअर कोणत्या बाजूला जाईल ते 'काँ' ठरवत नाही. जे काम आधी पुरं होणार, त्याला तो मिळतो. पाहुणा आधी पोचणार असेल तर 'सरे आरिवे', जेवण आधी उरकणार असेल तर 'नूझोरों माँजे'. लिहिण्याआधी मनात 'आधी काय?' एवढंच विचारायचं. त्याच पत्रात दुसऱ्या प्रकारचं वाक्यही हवंच असतं, पण ते वांग्यांबद्दल: 'तुम्ही पोचाल तोवर आम्ही वांगी भाजून ठेवलेली असतील', 'काँ वू आरिवरे, नूझोरों देजा ग्रिये लेझोबेर्जिन'. 'देजा' म्हणजे आधीच, आणि त्याची जागा सहायक आणि पार्तिसिप (म्हणजे 'फिनी', 'ग्रिये'सारखं न बदलणारं पुढचं रूप) यांच्या मध्ये.

याच पत्रात 'पर्यंत' घोळ घालतं. मराठीत 'रविवारपर्यंत काम करेन' आणि 'रविवारपर्यंत काम संपवलेलं असेल' दोन्हीकडे 'पर्यंत'. फ्रेंचमध्ये पहिलं 'ज्युस्का दिमाँश', दुसरं 'दिसी दिमाँश' किंवा 'आवाँ दिमाँश'. सतत चालणाऱ्या कामाला 'ज्युस्का', पुरं होऊन जाणाऱ्या कामाला 'दिसी'. म्हणून फ्युतुर आँतेरिअरच्या शेजारी 'ज्युस्का' दिसलं की थांबा, बहुधा शब्द चुकलाय. बरोबर वाक्य: 'दिसी दिमाँश, जोरे फिनी'.

ओरे, सरे आणि मधेच घुसणारं सोरे

सहायक क्रियापदाची भविष्यकाळी रूपं तुम्हाला येतातच. ओरे, ओरा, ओरा, ओरों, ओरे, ओरों. आणि सरे, सरा, सरा, सरों, सरे, सरों. कानाला सहापैकी तीनच वेगळी ऐकू येतात, बाकी भेद स्पेलिंगमध्ये. पण वहीत तिसरंच एक भूत दिसतं: 'ज सोरे आरिवे'. हे 'सोरे' साव्वारचं, म्हणजे 'मला कळेल' मधलं. पाठ करताना 'ओरे-सरे-सोरे' एका दमात म्हटल्याचा हा परिणाम. साव्वार सहायक म्हणून कधीच येत नाही. आणखी एक: एत्र स्वतः कोणत्या सहायकासोबत जातो? आव्वारसोबत. 'जोरे एते'. 'ज सरे एते' असं फ्रेंचमध्ये काही नसतं.

आव्वार की एत्र हा प्रश्न पासे कोंपोझेतून आलेला आहे, नवीन काही नाही. आले, वनीर, आरिवे, पार्तीर, आँत्रे, सोर्तीर, मोंते, देसाँद्र, नेत्र, मुरीर, रेस्ते, तोंबे आणि त्यांचे भाऊबंद एत्रकडे. 'स' लावून येणारी स लवे, स रेपोझे सगळी एत्रकडे. अडतं ते दोन्हीकडे जाणाऱ्या क्रियापदांत, आणि तिथे मराठी फार चांगली मदत करते. 'उतरणे' आणि 'उतरवणे' असे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. स्वतः उतरलात तर एत्र: 'ज सरे देसाँद्यु'. बॅग उतरवलीत तर आव्वार: 'जोरे देसाँद्यु ल साक'. चढणे-चढवणे म्हणजे मोंते, बाहेर पडणे-बाहेर काढणे म्हणजे सोर्तीर. मराठीत कर्म घेणारं रूप आलं की डोळे मिटून आव्वार.

शेवटच्या मूक अक्षरांचं काय? एत्र असेल तर कर्त्याकडे बघा. मुलगी लिहीत असेल तर 'ज सरे आरिवे'मध्ये शेवटी एक जास्तीचा ई. अनेक मुली असतील तर ई आणि एस. ऐकू काहीच येत नाही, म्हणून विसरतात. पण मराठीत मुलगी 'मी पोचलेला असेन' असं चुकूनही म्हणत नाही, 'पोचलेली' म्हणते. एत्रचं वाक्य आधी मराठीत मनात म्हटलं की अक्षर आठवतं. आव्वारच्या बाबतीत मात्र हीच सवय दगा देते, कारण मराठीत क्रियापद कर्माच्या मागे जातं: केळी कापलेली, घड कापलेला. फ्रेंचमध्ये कर्म मागून आलं तर पार्तिसिप तसाच राहतो: 'नूझोरों कुपे ले बानान', जादा अक्षर नाही. कर्म आधी आलं तरच जुळवायचं: 'ले बानान क नूझोरों कुपे', इथे शेवटी ई आणि एस. रावेर-यावलच्या मुलांना हे केळीचं वाक्य लगेच लक्षात राहतं. तुमच्याकडे कपाशी असेल तर कपाशी घ्या.

एका 'एस'चं काम

'जोरे' लिहिताना शेवटी एस लागला की तो काळ राहत नाही, कोंदिस्योनेल होतो, आणि 'संपवलेलं असेल'चं 'संपवलं असतं' होऊन जातं. बोलताना बहुतेक फ्रेंच माणसं या दोघांत फरक करत नाहीत किंवा इतका बारीक करतात की आपल्या कानाला पकडता येत नाही. त्यामुळे श्रुतलेखनात हमखास मार्क जातात. उपाय जुनाच आणि खात्रीचा: 'मी'च्या जागी 'आम्ही' घालून बघा. वाक्य 'नूझोरों' होत असेल तर एस नाही. 'नूझोरियों' होत असेल तर एस आहे. 'काल तू सांगितलं असतंस तर मी संपवलं असतं' याचं 'आम्ही' केलं की 'नूझोरियों फिनी' येतं; 'उद्यापर्यंत मी संपवलेलं असेल' याचं 'नूझोरों फिनी'. दोन सेकंदांचं काम आहे, पेपरात नक्की करा.

जर-तर

इथे पहिल्या भागात शिकलेलं सगळं उलटं वाटायला लागतं, म्हणून घाई करू नका. 'सि' म्हणजे 'जर', आणि त्याच्या पाठोपाठ कुठलाच भविष्यकाळ येत नाही, फ्युतुर सँप्लही नाही, फ्युतुर आँतेरिअरही नाही. 'सहाच्या आत संपलं की बाजारात जाऊ' आणि 'सहाच्या आत संपलं तर बाजारात जाऊ' या दोन वाक्यांत मराठीत एका शब्दाचा फरक. फ्रेंचमध्ये दुसरं असं: 'सि त्यु आ फिनी आवाँ सिझर, नूझिरों ओ मार्शे'. म्हणजे 'की'साठी जो पासे कोंपोझे चूक होता तोच 'तर'साठी बरोबर.

अपवाद एकच, आणि तो खरं तर अपवादही नाही. 'सि' कधी कधी 'की नाही' या अर्थाने येतं. 'तिचं तोवर झालेलं असेल की नाही माहीत नाही': 'ज न से पा सि एलोरा फिनी'. इथे अट नाही, शंका आहे, म्हणून भविष्य चालतं. 'सि' दिसलं की मराठीत 'जर' बसतंय की 'की नाही' बसतंय ते म्हणून बघा.

'आवाँ क'लाही फ्युतुर आँतेरिअर लागत नाही, तिथे सुब्जोंक्तीफ येतो. तो वेगळा धडा आहे, इथे नको.

'असेल' आपल्याला फुकट मिळालेलं आहे

या काळाचा दुसरा एक उपयोग पुस्तकात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतो: अंदाज. 'इल ओरा माँके सों त्रँ'. शब्दशः भविष्य, पण अर्थ झाल्या गोष्टीचा: 'त्याची गाडी चुकली असेल.' इंग्रजी माध्यमातली मुलं इथे बराच वेळ अडतात, कारण ती मनात इंग्रजी वाक्य जुळवत बसतात. मराठीत विचार केला तर अडायचं कारणच नाही. 'विसरला असेल', 'झोपली असेल', 'गाडी भुसावळलाच थांबली असेल' हे आपण दिवसभर बोलतो. एका 'असेल'ने पुढचंही सांगतो आणि मागचा अंदाजही करतो, आणि फ्रेंच नेमकं तेच करते. 'सों त्रँ स सरा आरेते आ भुसावळ' हे शेवटचं वाक्य. स लावलेलं क्रियापद, म्हणून एत्र.

उताऱ्यात हा अंदाज आहे की खरं भविष्य हे कसं ओळखायचं? वेळेचा शब्द बघा. 'द्मँ' (उद्या), 'दाँझ्युनर' (तासाभराने), 'दिसी लँदी' (सोमवारपर्यंत) असं पुढचं काही असेल तर भविष्य. आधीच्या वाक्यात 'तो आला नाही', 'ती उत्तर देत नाही' असलं काही असेल तर अंदाज. तोंडी परीक्षेत मात्र अंदाजासाठी 'इल आ द्यु माँके सों त्रँ' हे दव्वारवालं वाक्य वापरा. फ्रेंच लोक बोलताना तेच जास्त वापरतात, आणि तुमच्या तोंडी ते जास्त सहज वाटेल.

फ्रेंच वर्तमानपत्रं वाचत असाल तर तिसरा उपयोगही भेटेल आणि गोंधळवेल, कारण तिथे मराठी 'असेल' अजिबात बसत नाही. झालेल्या गोष्टीचा हिशेब मांडताना, विशेषतः मृत्युलेखात नाहीतर सामन्याच्या बातमीत, पत्रकार हा काळ वापरतात. उदाहरणार्थ व्हिक्टर ह्यूगो १८५१ पासून १८७० पर्यंत देशाबाहेर राहिला. त्याबद्दल 'ह्युगो ओरा वेक्यु दिझनवाँ आँनेग्झिल' असं वाक्य आलं तर भविष्य नाही आणि अंदाजही नाही. 'शेवटी बघता, ह्यूगोने एकोणीस वर्षं हद्दपारीत काढली' असा सूर आहे. असं वाक्य ओळखता आलं तरी पुरे, लिहायच्या भानगडीत पडू नका.

पेपरात

देल्फ बी-वनला लेखनासाठी २५ गुण, सुमारे १६० शब्द आणि ४५ मिनिटं असतात. एवढ्यात हा काळ एकदा-दोनदा नैसर्गिकपणे आला की झालं. काही क्लासमध्ये 'प्रत्येक परिच्छेदात एक टाका' असं शिकवतात, त्याने पत्र लाकडी होतं. त्यापेक्षा लिहून झाल्यावर शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि फक्त 'काँ', 'दे क', 'लोर्स्क' यांच्याभोवती गोल करा. प्रत्येक गोलापुढचं मुख्य क्रियापद बघा, सहायक त्याच काळात आहे का ते बघा, नसेल तर बदला. बाकी पत्र पुन्हा वाचायला वेळ मिळाला नाही तरी चालेल, ही चूक मात्र सुटणार नाही.

ऐकताना एक गोष्ट अडखळवते. 'काँ'च्या शेवटी लिहिलेला डी एरवी मुका असतो, पण पुढे स्वर आला की त्याचा 'त' होऊन जोडला जातो. 'काँतिलोरा फिनी', 'काँतोंनोरा फिनी'. नवख्याला 'काँतों' हा वेगळाच शब्द वाटतो आणि मागचा 'ओरा' हातातून निसटतो. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणत राहा. कान बसायला वेळ लागतो.

आता स्वतः करून बघायला काही. आधी खालची मराठी वाक्यंच वाचा, मुख्य क्रियापदावर बोट ठेवा, मग लिहा.

आखाजीला ताई माहेरी आली की आम्ही झोका बांधू. दर वर्षी ताई आली की आम्ही झोका बांधतो. केळी कापून झाली की ट्रक रावेरहून निघेल. केळी कापून झाली तर ट्रक आजच निघेल. ती फोन उचलत नाही, झोपली असेल.

पहिल्यात 'बांधू', म्हणजे भविष्य, आणि येणं आधी: 'काँ मा सर सरा वन्यु, नूझँस्तालरों ला बालाँस्वार'. ताई स्त्री, म्हणून 'वन्यु'ला शेवटी ई. दुसऱ्यात 'बांधतो', सवय: 'काँ मा सरे वन्यु, नूझँस्तालों ला बालाँस्वार'. इथे 'सर'नंतर वर्तमानातला 'ए' आहे, वेगात म्हटलं की तो 'सरे' ऐकू येतो आणि भविष्यकाळाचं रूप वाटतं, तेवढं जपा. तिसरं: 'काँतोंनोरा कुपे ले बानान, ल कामियों पार्तिरा द रावेर'. कर्म मागून आलंय, म्हणून 'कुपे' तसाच. चौथ्यात 'तर' आहे: 'सि ओंना कुपे ले बानान, ल कामियों पार्तिरा ओजुर्द्वी'. पाचव्यात क्रियापद 'साँदोर्मीर', म्हणजे स लावलेलं, म्हणून एत्र: 'एल न रेपों पा, एल स सराँदोर्मी', आणि पुन्हा शेवटी मुका ई.